प्रा. बापटांच्या नावाचं सभागृह नको, चिनी वाचणारी दोन माणसं हवीत

प्रति,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन;
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ;
भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, पुणे;
आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुणे
यांच्या पदाधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. त्याच निर्णयात पालीचंही नाव होतं, पण त्याची आठवण विहारांबाहेर फारशी कोणी काढली नाही. दर्जाबरोबर योजना येते, योजनेबरोबर निधी येतो आणि निधी मार्चअखेर संपवायचा असतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तो कशावर संपतो हेही आपल्याला ठाऊक आहे: दोन दिवसांचं चर्चासत्र, स्मरणिका, फाइल-पिशवी, शाल-श्रीफळ. यावेळचे बेत ठरण्याआधी आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

विषय आहे प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१) यांच्या कामाचा. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे, पुढे दिल्ली विद्यापीठात १९५७ साली बौद्ध अध्ययन विभाग निघाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झालेले बापट. आज त्यांचं नाव निघालं तर ते बहुधा एकाच पुस्तकासाठी निघतं. बुद्धजयंतीच्या निमित्ताने १९५६ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेला ‘२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ त्यांनी संपादित केला होता. तो उपयुक्त आहे, चोख आहे, पण माझ्या मते ते बापटांचं मोठं काम नव्हे. मोठं काम त्यांनी चिनी भाषेतून केलं, आणि त्याकडे या शहराने गेली पन्नास वर्षं पाठ फिरवलेली आहे.

पालीच्या माणसाला चिनी कशाला हवी, हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीतही विचारला गेलेला आहे. उत्तर सरळ आहे. भारतात बौद्धांचे अनेक निकाय, म्हणजे पंथ, होते आणि प्रत्येकाचं स्वतःचं सूत्रवाङ्मय, स्वतःचा विनय, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचा संग्रह, होता. त्यांतल्या एकाचा, थेरवाद्यांचा, पाली त्रिपिटक श्रीलंकेने सांभाळला म्हणून आपल्या हाती सबंध आला. बाकीच्यांचं मूळ भारतात जवळजवळ नाहीसं झालं. ते उरलं चिनी आणि तिबेटी भाषांतरांत. या सूत्रसंग्रहांना आगम म्हणतात: मध्यम आगम चिनीत गेला तो ३९७–९८ मध्ये, दीर्घ आगम ४१३ मध्ये, संयुक्त आगम गुणभद्राने ४३५ च्या सुमारास नेला. म्हणजे पाली सुत्ताची दुसरी साक्ष हवी असेल तर चिनी दारात जावंच लागतं. एकाच साक्षीदाराचा जबाब घेऊन निकाल देणाऱ्या न्यायाधीशाबद्दल आपण जे म्हणू, तेच नुसत्या पालीवर बुद्धाबद्दल ठाम विधानं करणाऱ्याबद्दल म्हणावं लागेल. बापटांनी हे फार लवकर ओळखलं.

त्यांनी १९२४ साली सुत्तनिपात देवनागरीत संपादित करून पुण्यात छापला. सुत्तनिपात हा पाली वाङ्मयातल्या जुन्यात जुन्या भागांपैकी एक, आणि त्यातही अट्ठकवग्ग, म्हणजे सोळा सुत्तांचा एक छोटा वर्ग, फार जुना मानला जातो. या अट्ठकवग्गाचा चिनी भाऊबंद अस्तित्वात आहे. तिसऱ्या शतकात दक्षिण चीनमधल्या वू राज्यात झी चिएन नावाच्या उपासकाने (भिक्षूने नव्हे, संसारी उपासकाने, पूर्वज मध्य आशियातल्या युएची टोळ्यांपैकी) त्याचं चिनीत भाषांतर केलं. बापटांनी ते चिनीतून इंग्रजीत आणलं. ‘अर्थपदसूत्र’ या नावाने शांतिनिकेतनच्या विश्वभारतीने १९५१ साली ते पुस्तकरूपाने काढलं. १९२४ चा सुत्तनिपात आणि १९५१ चं अर्थपद यांच्यामध्ये सत्तावीस वर्षं आहेत. एका छोट्या वर्गाची दुसरी बाजू बघायला एक माणूस सत्तावीस वर्षांनी परत येतो, हे ज्या संस्थांना दर वर्षी मूल्यमापनाचे तक्ते भरावे लागतात त्यांनी जरा थांबून वाचावं.

आता या छोट्या पुस्तकाशी मराठी माणसाचा संबंध काय, ते सांगतो.

दर वर्षावासात आमच्या भागातल्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, अधूनमधून सुत्तं मी वाचतो. सिद्धार्थाने घर का सोडलं हे प्रकरण आलं की सगळे सावरून बसतात, कारण म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यांची गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला तंटा हे कारण पुढे ठेवलं. युद्धाला विरोध केला म्हणून शाक्यांच्या संघाने, म्हणजे गणसभेने, शिक्षा ठरवली आणि सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली, ही मांडणी. त्याच्याआधी धर्मानंद कोसंबींनीही या तंट्याकडे बोट दाखवलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो अट्ठकवग्गातल्या अत्तदण्डसुत्ताचा. ‘अत्तदण्डा भयं जातं’ अशी त्याची सुरुवात. आटत्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांशी झगडताना पाहिली आणि मला भय वाटलं, असं बुद्ध त्यात स्वतःच्या तोंडाने सांगतात. गेल्या वर्षी हे सुत्त वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “सर, गाथेत तर नदीचं नाव नाही. मग रोहिणी कुठून आली?”

प्रश्न अचूक होता. गाथेत नदीचं नाव नाही. रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग येतो तो पाली अट्ठकथेत, म्हणजे कितीतरी नंतर लिहिल्या गेलेल्या भाष्यात. आणि चिनी अर्थपदसूत्रात? तिथे याच गाथा सोळाव्या, शेवटच्या सूत्रात येतात आणि त्यांच्याभोवती गोष्ट आहे ती विडूडभाची. शाक्यांनी बुद्धासाठी बांधलेल्या नव्या सभागृहात कोसलचा हा राजपुत्र जाऊन बसतो, शाक्य त्याला दासीपुत्र म्हणून हिणवतात, राजा झाल्यावर तो कपिलवस्तूवर चालून जातो आणि शाक्यांची कत्तल करतो. त्या कत्तलीवर बुद्ध या गाथा बोलतात. गाथा दोन्हीकडे जवळपास त्याच. प्रसंग मात्र एका परंपरेत पाण्याच्या भांडणाचा, दुसरीत जातीच्या अपमानातून पेटलेल्या सूडाचा. दोन्हीकडे शाक्यच आहेत, दोन्हीकडे हातात घेतलेलं शस्त्र आहे.

याने बाबासाहेबांचं किंवा कोसंबींचं म्हणणं खोटं ठरतं का? माझ्या मते नाही. ठरतं ते एवढंच की गाथा आधीच्या आणि गोष्टी मागाहून, ज्या त्या परंपरेने आपापल्या जोडलेल्या. आणि त्या गाथांमागे खरोखरचा काहीतरी भीषण कलह होता हे दोन्ही परंपरांना पक्कं आठवत होतं. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ते चिनी पुस्तक वाचून दाखवा की.” काय वाचून दाखवणार? बापटांचं पुस्तक इंग्रजीत आहे. तेही विद्वानांसाठी केलेल्या कोरड्या इंग्रजीत, रोमन लिपीतल्या चिनी नावांसकट. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. जगात अत्तदण्डसुत्त ज्यांच्या जिव्हाळ्याचं आहे असे सगळ्यात जास्त वाचक मराठी बोलतात, आणि त्या सुत्ताची दुसरी साक्ष पुण्याच्या माणसाने चिनीतून बाहेर काढून इंग्रजीत ठेवली आहे.

यात मी बापटांना दोष देत नाही. त्यांच्या काळी त्या कामाचे वाचक जपानात, बेल्जियममध्ये, कोलंबोत होते. पण फर्ग्युसनच्या टेकडीवरचं पाली आणि विहारातलं पाली यांच्यात एक दरी पडली हे खरं आहे, आणि ती नुसत्या भाषेची नव्हती. एका बाजूला सदाशिव-नारायण पेठेतून आलेले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नव्याने बुद्धाकडे आलेला समाज. दोघांनी एकमेकांची पुस्तकं फारशी उघडली नाहीत. दोन्ही बाजूंना उठबस असलेले धर्मानंद कोसंबी १९४७ मध्येच सेवाग्रामला वारले होते.

कोसंबींचं नाव आलंच आहे तर बापटांच्या दुसऱ्या ग्रंथाबद्दल सांगायला हवं, कारण त्यात गुरु-शिष्य दोघेही आहेत. गोव्यातल्या साखवाळचे कोसंबी १९१२ ते १९१८ फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. बापट त्यांचे तिथले विद्यार्थी. हार्वर्डला हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अभ्यासकाने थेरवादी आचार्य बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या ध्यानसाधनेवरच्या पाली ग्रंथाचं संपादन अर्धवट सोडून १८९९ मध्ये जग सोडलं होतं. ते पुरं करायला कोसंबी चार वेळा अमेरिकेला गेले. वॉरन-कोसंबी आवृत्ती अखेर १९५० साली छापून आली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. गुरूने विसुद्धिमग्ग हाती घेतला, शिष्याने त्याच हार्वर्डला त्याच्या थोरल्या भावाचा माग काढला.

तो थोरला भाऊ म्हणजे उपतिस्स थेराचा विमुत्तिमग्ग. मूळ पाली हरवलेलं. फुनान देशातून (आजचा कंबोडिया आणि मेकाँगचा मुखप्रदेश) चीनमध्ये गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने लिआंग राजवटीत, ५१५ साली, त्याचं चिनी भाषांतर केलं आणि तेवढंच आख्खं उरलं. नागाई या जपानी विद्वानाने १९१९ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. बापटांनी तो विसुद्धिमग्गाशेजारी ठेवला आणि प्रकरणामागून प्रकरण ताडून पाहिला. १९३२ ची ही पीएच.डी.; पुस्तक १९३७ साली निघालं. ज्या तैशो आवृत्तीत आज जग चिनी त्रिपिटक वाचतं, तिची छपाई १९२४ ते १९३४ अशी चालली होती. म्हणजे शाई वाळते न वाळते तोच हा पुण्याचा माणूस त्यात शिरला होता.

त्यातली एकच जागा दाखवतो. विसुद्धिमग्गाच्या तिसऱ्या प्रकरणात माणसांच्या स्वभावांची, चरितांची, चर्चा आहे. रागी, द्वेषी, मोही वगैरे. हे स्वभाव येतात कुठून? बुद्धघोष म्हणतात, काही जण सांगतात की पूर्वीच्या सवयींतून आणि शरीरातल्या धातूंच्या, वात-पित्त-कफाच्या कमीजास्तीतून येतात. आणि मग ते हे मत फेटाळतात. हे ‘काही जण’ कोण? बुद्धघोष नाव घेत नाहीत. नंतरचे टीकाकार धम्मपाल मात्र सांगून टाकतात: उपतिस्स थेर, विमुत्तिमग्गात. बापटांनी चिनी विमुत्तिमग्ग उघडला तर ते मत तिथे जसंच्या तसं बसलेलं. थेरवादाचा एवढा मोठा आचार्य आपल्या आधीच्या एका ग्रंथाशी वाद घालत होता, आणि तो ग्रंथ वाद हरल्यासारखा पालीतून पुसला गेला, हे चिनीमुळे कळलं. ध्यानविषयांची यादीही पाहण्यासारखी आहे: उपतिस्स अडतीस कम्मट्ठानं देतात, बुद्धघोष चाळीस. विपश्यनेच्या शिबिरांना जाणाऱ्या हजारो मराठी लोकांना ही दोन कम्मट्ठानं कुठून वाढली याचं कुतूहल नसेल असं मला वाटत नाही.

बापटांचं सगळंच टिकलं असं नाही. विमुत्तिमग्गाचा संबंध त्यांनी श्रीलंकेतल्या अभयगिरी विहाराशी जोडला, त्यावर पुढच्या अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी भांडून घेतलं आणि तो प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. विमुत्तिमग्गाचा पहिला पुरा इंग्रजी अनुवाद १९६१ साली कोलंबोत झाला, त्याहून काटेकोर असा दुसरा २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने छापला. म्हणजे पुण्यात १९३७ ला निघालेली वाट कोलंबो आणि हाँगकाँगपर्यंत गेली. फक्त पुण्यात पुढे गेली नाही. मी हा १९३७ चा ग्रंथ एका जुन्या ग्रंथालयात मागितला, तेव्हा कार्ड सापडलं, पुस्तक सापडायला दोन आठवडे लागले आणि पान उलटलं की कोपरा हातात येत होता. झेरॉक्सला परवानगी नव्हती. ती नसणंच बरोबर होतं, खरं तर. झेरॉक्समध्ये ते पुस्तक संपलं असतं.

तिसरा ग्रंथ आपल्यापैकी एका संस्थेचाच आहे. भांडारकर संस्थेने १९७० साली काढलेला ‘शान-च्येन-पी-पो-शा’. बुद्धघोषाच्या नावावरची विनयाची टीका, समन्तपासादिका, हिचं संघभद्राने दक्षिण चीनमध्ये ग्वांगचौ इथे केलेलं चिनी रूप. टोकियोचे विनयपंडित अकिरा हिराकावा यांच्या सोबतीने बापटांनी ते प्रथमच इंग्रजीत आणलं. छापून आलं तेव्हा बापट शहात्तर वर्षांचे होते. हे चिनी पुस्तक समन्तपासादिकेचं सरळ भाषांतर नाही, त्यात ठिकठिकाणी धर्मगुप्तक या दुसऱ्या निकायाच्या विनयाची छाप आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. मराठी वाचकाला मात्र त्यात आणखी एक गंमत मिळेल. अशोकाच्या काळी थेर कुठे कुठे धाडले गेले त्याचा वृत्तांत या टीकेच्या सुरुवातीला आहे: अपरान्ताला एक, महारट्ठाला महाधम्मरक्खित. कोकण आणि महाराष्ट्र. ही नावं पाचव्या शतकात चिनी अक्षरांत उतरली आहेत. पुलकेशीच्या काळी आलेल्या ह्युएन त्संगाने मराठ्यांचं केलेलं वर्णन आपण शाळेपासून ऐकतो, भाषणांत वापरतो. त्याच्या दीडशे वर्षं आधी महाराष्ट्राचं नाव ग्वांगचौला पोचलं होतं हे भाषणांत कधी ऐकलं नाही.

या संघभद्राबद्दलची एक हकिकत चिनी ग्रंथकार फेइ चांगफांग याने ५९७ साली नोंदवून ठेवली आहे, आणि या पत्राचं खरं कारण तीच आहे. संघभद्राने विनयाची एक पोथी आणली होती. सांगतात की बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर उपालि थेराने पहिल्या वर्षावासाच्या शेवटी, पवारणेच्या म्हणजे समारोपाच्या दिवशी, पोथीची पूजा केली आणि तिच्यावर एक ठिपका दिला. पुढच्या वर्षी दुसरा. गुरूकडून शिष्याकडे पोथी गेली आणि दर वर्षावासाला एक ठिपका वाढत गेला. संघभद्राने ४८९ मध्ये आपला ठिपका दिला तेव्हा एकूण ९७५ झाले होते. (त्यावरून बुद्धाचं परिनिर्वाण इ.स.पूर्व ४८६ असं निघतं. तज्ज्ञ त्यावर भांडतात, तो विषय इथे नको.) पुढे ५३५ साली चाओ पोश्यू नावाच्या गृहस्थाने लूशान पर्वतावरच्या होंगदू नावाच्या विनयधराला, म्हणजे विनय जाणणाऱ्या भिक्षूला, विचारलं की ४८९ नंतर ठिपके का नाहीत? होंगदू म्हणाला, पूर्वी ठिपका देणारे सिद्धीला पोचलेले पुरुष होते. मी सामान्य माणूस. मी पोथी डोक्यावर घेऊन तिची पूजा करू शकतो, ठिपका द्यायचं धाडस माझ्याने होत नाही.

पुण्याचं असंच झालं आहे. कोसंबी, बापट, आणि बापटांचे फर्ग्युसनमधलेच सहकारी वासुदेव विश्वनाथ गोखले, ज्यांनी १९३० मध्येच जर्मनीत चिनी त्रिपिटकातल्या ग्रंथांवर काम छापलं, पुढे अभिधर्मकोशाच्या मूळ संस्कृत कारिका १९४६ साली प्रसिद्ध केल्या आणि दामोदर कोसंबींबरोबर सुभाषितरत्नकोश संपादित केला. हे तिघे म्हणजे साठ वर्षांची अखंड रांग. नंतर आपण त्यांना डोक्यावर घेतलं. फार थोर होते, आता तशी माणसं होत नाहीत, असं म्हटलं की पुढचं काम करायची जबाबदारी आपोआप टळते. त्यांची थोरवी मला मान्य आहे, पण चिनी त्यांना कोणी गर्भात शिकवली नव्हती. ती वर्षानुवर्षं बसून शिकले, आणि बसू देणाऱ्या संस्था त्यांना मिळाल्या.

म्हणून माझं मागणं माणसांचं आहे. मूळ पाली किंवा संस्कृत येणारी दोन माणसं निवडा आणि त्यांना पाच वर्षं पोटापाण्याची चिंता न पडेल अशी शिष्यवृत्ती देऊन अभिजात चिनी शिकवा. निवडताना पेठांच्या बाहेर बघा. बारावीला मार्कांसाठी पाली घेणारी मुलं मी वर्षानुवर्षं शिकवली. त्यांतली एखादी मार्क मिळाल्यावरही वर्गात रेंगाळते, प्रश्न विचारते आणि मग बी.कॉम.ला जाते, कारण घरी पगार हवा असतो. दुसरीकडे मँडरिन शिकून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पायऱ्या चढणारे तरुण आहेत, ते कंपन्यांच्या दुभाषेगिरीत जातात. आधुनिक मँडरिनवरून पाचव्या शतकातलं बौद्ध चिनी वाचता येत नाही हे मला माहीत आहे, पण लिपीचा डोंगर तरी त्यांनी चढलेला असतो. या दोन प्रकारच्या मुलांना एका खोलीत बसवणं आपल्यासारख्या चार संस्थांना अवघड नसावं. मजकुराची अडचण तर उरलेलीच नाही. बापटांना तैशोचे जाडजूड खंड गाठावे लागले. आज सगळं चिनी त्रिपिटक तैवानच्या सीबीईटीए या संस्थेने संगणकावर फुकट ठेवलेलं आहे, मोबाइलवरही उघडतं.

पाच वर्षांनी काय हाती लागायला हवं तेही सांगतो, नाहीतर पुन्हा चर्चासत्रच लागेल. अर्थपदसूत्र मराठीत, थेट चिनीतून. सोळाच सूत्रं आहेत. शेजारच्या पानावर देवनागरीत पाली सुत्त, खाली टिपा, पुस्तकाची किंमत विहारातल्या माणसाला परवडेल अशी. त्यात आंधळे आणि हत्तीची गोष्टही आहे, पाचव्या सूत्रात, त्यामुळे पोरंसुद्धा वाचतील. बापटांच्या इंग्रजीवरून मराठी करून वेळ मारून नेऊ नका. त्यांच्या इंग्रजीशी ताडून पाहा, जिथे ते चुकले तिथे तसं लिहा. मोठे ग्रंथ त्यानंतर.

दुसरं मागणं सोपं आहे, पण ते माझ्यासारख्याला करता येत नाही म्हणून आपल्याकडे. बापटांचे हे तिन्ही ग्रंथ नीट स्कॅन करून, सूची लावून, लोकांना खुले करा. आपल्या कायद्याने स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे बापटांचं लेखन २०५१ अखेरपर्यंत बांधलेलं आहे, आणि हिराकावा २००२ मध्ये वारल्यामुळे जोडीने केलेला ग्रंथ २०६२ पर्यंत. तोवर कागद थांबणार नाही. वारसांशी आणि विश्वभारतीशी बोलून परवानगी घ्यायला संस्थेचं लेटरहेड लागतं, ते आपल्याकडे आहे. १९७० चा ग्रंथ तर भांडारकर संस्थेचाच.

खर्चाचा आकडा मी टाकत नाही, तो आपले लेखाधिकारी माझ्याहून अचूक काढतील. त्यांना एवढंच सांगा की तुलना करायची तर एखाद्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मंडप, जेवण आणि विमानखर्चाशी करा. परिषद नको असं माझं म्हणणं नाही. पण तिच्या व्यासपीठावर बोलायला चिनी जाणणारा वक्ता दर वेळी परदेशातून आणावा लागत असेल, तर तो खर्चही याच खात्यात धरावा.

आणि कृपा करून सभागृहाला नाव देऊ नका. तैलचित्र नको, स्मृतिव्याख्यानमाला तर मुळीच नको. तिचं पहिलं व्याख्यान बापटांवर होईल, दुसरं बुद्ध आणि पर्यावरणावर, आणि तिसऱ्या वर्षी अध्यक्ष मिळणार नाहीत.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी करून ठेवलं आहे. अट्ठकवग्गाच्या सोळाही सुत्तांचा पाली पाठ आणि सरळ मराठी अर्थ माझ्याकडे टंकलिखित तयार आहे. विहारातल्या वाचनात तो तपासून झाला आहे, लोकांनी अडलेल्या जागा दाखवल्या, त्या दुरुस्त झाल्या. तो कोणत्याही संस्थेने मोबदल्याशिवाय घ्यावा. समोरचं पान कोरं आहे, ते भरायला चिनी येणारा माणूस लागेल. यंदाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद होणार आहे की नाही, एवढं कृपया लेखी कळवावं. उत्तर नकारार्थी असलं तरी चालेल. आमच्या मागच्या रांगेतल्या आजींना तारीख आणि जावक क्रमांकासकट वाचून दाखवता येईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पाली शिक्षक, पुणे